पाणी शिरलेला गाळा पुन्हा चालू करताना: आधी काय, नंतर काय (ठाणे, नवी मुंबई)

गाळा_संघ

नमस्कार मंडळी. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती यांची गाठ पडली की ठाण्यात वंदना टॉकीज, चिखलवाडी, राबोडी, तिकडे दिवा आणि खाडीपलीकडे बेलापूर अशा सखल भागांत तळमजल्यावरच्या दुकानांत गुडघाभर पाणी उभं राहतं. पाणी काही तासांत उतरतं, धंदा मात्र महिना-दोन महिने वर येत नाही. मदतीला माणसं भरपूर येतात. पण कोणी आधी काय करायचं हे ठरलेलं नसतं, आणि चांगल्या मनाने केलेल्या कामातूनच नुकसान वाढतं. चिखलाबरोबर पुरावा धुतला जातो, ओल्या मोटारीला करंट दिला जातो, ओल्या वह्या उन्हात टाकल्या जातात.

हा धागा मदत करणाऱ्यांसाठी. सोयीसाठी एकाच रांगेतले चार गाळे धरू: पिठाची गिरणी, किराणा, लेथवर जॉबवर्क करणारं वर्कशॉप आणि शिलाई युनिट. पाणी अडीच फूट, त्यात गटार आणि खाडी दोन्ही मिसळलेली. ज्याला ज्या कामाची नेमकी माहिती आहे त्याने तेवढंच लिहावं, ऐकीव नको.

वायंडरकाका

विजेपासून सुरुवात करतो, कारण माणूस जातो तो तिथे.

फरशी ओली असेपर्यंत मीटर खोलीत कोणीही पाऊल टाकायचं नाही. मेन स्विच पाण्याच्या वर दिसत असला तरी नाही. आपल्या गाळ्याचा एमसीबी (जास्त करंट आला की पडणारा स्विच) पाडला म्हणजे खोली बंद झाली असं होत नाही, येणारी बाजू जिवंतच असते. महावितरणच्या १९१२ वर कळवून पुरवठा बाहेरून बंद करून घ्या. कळवा-मुंब्रा-शीळ भागात वितरण टोरंटकडे आहे, तिथे त्यांना कळवा. शेजारच्या गाळ्यात इन्व्हर्टर किंवा जनरेटर चालू नाही ना, तेही बघा. लाइन बंद असताना तिकडून उलटा करंट येऊ शकतो.

बुडालेले एमसीबी, आरसीसीबी (गळता करंट ओळखून पडणारा स्विच), कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, स्विच, सॉकेट सरळ बदला. वाळवून वापरू नका. आत गाळ बसलेला एमसीबी हाताने चालू-बंद होतो, पण शॉर्ट झाल्यावर तो पडेलच याचा भरवसा राहत नाही. पाइपातल्या पीव्हीसी तारा मात्र बहुतेक वेळा वाचतात. खालचे जंक्शन बॉक्स उघडून पाइपातलं पाणी निथळू द्या, बुडालेले जोड कापून नव्याने करा. मग सगळी उपकरणं आणि दिवे काढून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं यंत्र) फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि फेज-न्यूट्रल मोजा. एक मेगओहमच्या खाली आलं तर लाइन जोडायची नाही. हे काम परवानाधारक वायरमनचं आहे. त्याच्याकडून लेखी टेस्ट रिपोर्ट घ्या, पुढे पुरवठा जोडताना आणि विम्याच्या फाइलमध्ये तो उपयोगी पडतो. मीटरचं सील कोणी तोडू नका, मीटर बुडाला असेल तर बदलून मिळावा म्हणून अर्ज द्या.

मोटारीचं सविस्तर वेगळं लिहितो.

तेलपाणी

काकांना अनुमोदन. एक भर घालतो. पाणी उतरल्यावर प्रेशर वॉशर घेऊन उत्साही मुलं येतात. त्यांना फरशी, शटर आणि भिंती द्या. मोटार, पॅनल, बेअरिंग, हेडस्टॉक (लेथची गिअरपेटी) यांच्याजवळ प्रेशर न्यायचा नाही. जिथे गाळ पोहोचला नव्हता तिथेही तो आत ढकलला जातो.

दावा_दप्तर

विमा असेल तर झाडू हातात घेण्याआधी अर्धा तास यासाठी काढा.

गाळ्याची पाटी दिसेल अशा ठिकाणाहून व्हिडिओ सुरू करायचा आणि न थांबवता आत जायचं. भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला टेप लावून तिची उंची चार कोपऱ्यांत टिपायची. प्रत्येक यंत्राचे तीन फोटो: लांबून, जवळून आणि नेमप्लेटवरचा नंबर वाचता येईल असा. मालाचा प्रत्येक रॅक, सर्वांत खालच्या फळीपासून वरपर्यंत. फोन क्रमांकावर कळवलं तरी त्याच दिवशी ईमेलही करा. पॉलिसी क्रमांक, पाणी शिरल्याची वेळ, अंदाजे नुकसान आणि "पुढचं नुकसान टाळण्यासाठी सफाई सुरू करत आहोत" एवढं त्यात पुरे.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. "सर्व्हेयर (विमा कंपनीसाठी नुकसान पाहणारा) येईपर्यंत कशालाही हात लावू नका" असं सर्रास सांगितलं जातं आणि त्यापायी चार-पाच दिवस यंत्रं चिखलात गंजत बसतात. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणं हे विमाधारकाचं कर्तव्यच आहे. धुणं, पुसणं, तेल लावणं, माल कोरड्या जागी हलवणं यासाठी परवानगीची वाट बघायची नसते. वाट बघायची ती भंगारात विकण्यासाठी, फेकण्यासाठी आणि मोठ्या दुरुस्तीसाठी. बदललेला प्रत्येक भाग, अगदी जळका रिलेसुद्धा, गोणीत चिठ्ठी लावून ठेवा. सर्व्हेयरला तो दाखवता आला पाहिजे.

किराणा_घाऊक

धान्य आणि पिठाचं काय? ते चार दिवस ठेवलं तर वासाने रांगेत उभं राहता येत नाही.

दावा_दप्तर

त्याच दिवशी ईमेल करा: "माल कुजत आहे, आरोग्याला धोका आहे, अमुक वेळेला विल्हेवाट लावत आहोत, तत्पूर्वी पाहणी करावी." गोण्या मोजून फोटो काढा, शक्य असेल तर वजनकाट्याची पावती घ्या, प्रत्येक मालाचा मूठभर नमुना पिशवीत बांधून नावासकट ठेवा. पालिकेच्या घनकचरा विभागाच्या गाडीत माल गेला तर गाडीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा, शेजारच्या दोन गाळेधारकांच्या सह्या घ्या.

किराणा_घाऊक

धन्यवाद. मालाबद्दल मी लिहितो.

गोणीतलं, कागदी पुड्यातलं, पातळ प्लास्टिकच्या पाकिटातलं जे पुराच्या पाण्याला लागलं ते विकायचं नाही. "वरची अर्धी गोणी कोरडी आहे" हा हिशेब धरू नका. धान्य ओल खालून वर ओढतं, आणि आतून गरम व्हायला लागलं की बुरशी धरलीच. मीठ, साखर, गूळ तर विचारूच नका. स्क्रू झाकणाच्या बाटल्याही सोडून द्या, झाकणाच्या आट्यांत गाळ बसतो आणि तो निघत नाही.

वाचतात ते न फुगलेले, न चेपलेले, न गंजलेले पूर्ण सीलबंद पत्र्याचे डबे. लेबल काढा (काढण्याआधी नाव, बॅच आणि मुदत मार्करने डब्यावर लिहा), साबणाने धुवा, मग क्लोरीनच्या पाण्यात बुडवून काढा. ब्लीचिंग पावडर ३३ टक्क्यांची धरली तर १० लिटर पाण्याला ६ ग्रॅम पुरते. हे डबे घरी वापरता येतात. लेबल नसलेला माल दुकानात विकता येत नाही, म्हणून दाव्यात ते नुकसानच धरा.

फरशी आणि फळ्यांसाठी द्रावण जास्त कडक लागतं, लिटरला १५ ग्रॅम. आधी चिखल पूर्ण काढायचा, कारण चिखलावर ओतलेलं क्लोरीन चिखलातच संपतं. दहा मिनिटं राहू द्या, मग धुवा. लोखंडी रॅकवर ते ठेवू नका, गंज चढतो. ब्लीचिंगमध्ये ॲसिड किंवा अमोनियावालं काहीही मिसळायचं नाही, बंद गाळ्यात तो वायू जीव घेतो.

सफाईला उतरणाऱ्याने गमबूट आणि रबरी हातमोजे घातलेच पाहिजेत. पायाला जखम असेल तर त्याला हिशेबाच्या टेबलावर बसवा. पुराच्या पाण्यात उभं राहिलेल्या प्रत्येकाने लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळीबद्दल दोन-तीन दिवसांच्या आत पालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारावं. ताप येईपर्यंत थांबू नका.

वायंडरकाका

आता मोटार. गिरणीची असो वा लेथची, कृती तीच.

पाणी उतरल्यावर "एकदा फिरवून बघू" हा मोह टाळा. बुडालेली मोटार चालू न करता आणली तर दहापैकी बहुतेक वेळा वाइंडिंग वाचतं. चालू करून जाळली तर रिवाइंडिंगचा खर्च येतोच, वर विमा कंपनीही प्रश्न विचारते की ही पाण्याने गेली की तुमच्या घाईने.

केबल सोडताना टर्मिनलचा फोटो काढा, तारांना खुणा करा. मोटार उघडा, रोटर (फिरणारा भाग) बाहेर काढा. स्टेटर (वाइंडिंग असलेला स्थिर भाग) स्वच्छ गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवा. हो, पाण्यानेच. आपल्याकडच्या पुरात खाडीचं खारं पाणी असतं, ते वाइंडिंगवर तसंच वाळलं तर मीठ मागे राहतं, दमट हवेत पुन्हा ओल धरतं आणि महिन्याभरात मोटार जमिनीला लागते, म्हणजे वाइंडिंगचा करंट बॉडीत उतरतो. पाणी स्वच्छ निथळेपर्यंत धुवायचं.

मग वाळवण. वायंडरकडे (मोटार रिवाइंड करणाऱ्याकडे) ओव्हन असतो, पण पुरानंतर प्रत्येकाकडे रांग लागलेली असते. जागेवर करायचं तर पत्र्याची पेटी करा, स्टेटर विटांवर उभा ठेवा, खाली बाजूला ५०० वॅटचा एक हॅलोजन. वर झाकणाला हाताएवढं भोक हवंच. वाफ बाहेर गेली नाही तर तीच ओल पेटीत फिरत राहते. पहिले चार-पाच तास ६० अंशांच्या आसपास, नंतर हळूहळू ८०-८५. ९० च्या वर नेऊ नका. सुरुवातीलाच जोरात तापवलं तर आतलं पाणी वाफ होऊन इन्सुलेशन फोडतं. थर्मामीटर वाइंडिंगला टेकलेला हवा, पेटीच्या हवेत लोंबकळणारा नको. पेटीजवळ एक माणूस कायम.

दर तासाला मेगर घ्या, मिनिटभर फिरवून मगच आकडा लिहा, मोजून झाल्यावर वाइंडिंग बॉडीला टेकवून डिस्चार्ज करा. इथे लोक घाबरतात: मोटार तापायला लागली की आकडा आधी खाली येतो. ०.५ चा ०.१ झाला म्हणजे बिघडलं असं नाही. इन्सुलेशन गरम झालं की साधारण दर १० अंशांना त्याचा रेझिस्टन्स निम्मा होतो, शिवाय आतली ओल पृष्ठभागाकडे येत असते. तळाला जाऊन तो वर चढायला लागतो आणि मग एका जागी स्थिर होतो. तीन-चार तास आकडा हलला नाही की वाळली. नुसता १ मेगओहम आला म्हणून थांबू नका. थंड झाल्यावर ५ च्या वर असेल तरच व्हार्निशचा एक हात द्या आणि तो नीट भाजू द्या.

बेअरिंग दोन्ही बाजूंची नवी टाका. जुनीवरचा नंबर वाचून घ्या, ३ एचपीपर्यंत बहुतेक ठिकाणी ६२०५ किंवा ६२०६ निघते. सिंगल फेज असेल तर कपॅसिटर नवा आणि आतल्या सेंट्रिफ्युगल स्विचची टोकं साफ. व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारी ड्राइव्ह) जोडलेली असेल तर मेगर लावण्याआधी तिची केबल सोडा, नाहीतर मेगरच ड्राइव्ह मारेल.

गाळा_संघ

काका, वेल्डिंग मशीनचा करंट वाइंडिंगमधून देऊन वाळवतात असं ऐकलंय. लवकर होतं का?

वायंडरकाका

लवकर होतं आणि लवकर जळतंही. ओली गुंडाळी जिथे कमजोर असते तिथेच गरम होते, बाहेरून काही कळत नाही. पुरातल्या मोटारीला नको.

तेलपाणी

लेथ आणि ड्रिल. धुतलेल्या लोखंडावर आपल्या हवेत काही तासांत पिवळट गंज धरतो, म्हणून एका वेळी एकच यंत्र घ्या आणि ते तेलापर्यंत पूर्ण करा. सगळी यंत्रं सकाळी धुऊन दुपारी तेल लावू असं केलं की गेलं.

पहिली गोष्ट: स्पिंडल हाताने फिरवून बघायचा नाही. गाळ आत असेल तर एका फेऱ्यात बेअरिंगवर ओरखडे पडतात. हेडस्टॉकचा ड्रेन प्लग काढा. तेल दुधासारखं पांढरट आलं तर पाणी आत गेलंय. ते काढा, पातळ फ्लशिंग तेल भरून रिकामं करा, गाळ यायचा थांबेपर्यंत करत राहा. कव्हर उघडून गिअरच्या तळाचा गाळ कापडाने काढा, कॉटन वेस्ट नको, तिचे धागे राहतात. मग नेमप्लेटवर किंवा पुस्तिकेत दिलेलं तेल भरा आणि हाताने स्पिंडल फिरवा.

बेडवेवरचा (सॅडल सरकते त्या रुळांवरचा) चिखल खरवडायचा नाही, भरपूर पाण्याने वाहवून काढायचा. गाळात रेती असते आणि ग्राइंड केलेला पृष्ठभाग एकदा घासला गेला की तो परत करणं महाग पडतं. पाणी, मग केरोसीन, कोरडं कापड, मग ६८ नंबरचं स्लाइडवे तेल, असा क्रम. सॅडल आणि क्रॉस स्लाइडच्या खालचे वायपर काढून नवे बसवा, जुन्यांत अडकलेली रेती पुढचे सहा महिने बेड खात राहते. चक पूर्ण उघडा, स्क्रोल साफ करून ग्रीस भरा, जबडे नंबरानुसार परत बसवा. कूलंटची टाकी रिकामी करून घासा.

सीएनसी असेल तर कंट्रोलर कोणी उघडू नका आणि बॅटरीही काढू नका, पॅरामीटर उडतात. कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला पहिल्याच दिवशी बोलवा. मधल्या वेळात पॅनलची दारं उघडी ठेवून फक्त पाणी निथळू द्या.

एका ३०० चौरस फुटांच्या वर्कशॉपला लागणारं सामान: केरोसीन २० लिटर, स्लाइडवे तेल ५ लिटर, सुती कापड १० किलो, पाणी उडवणाऱ्या स्प्रेचे चार-पाच डबे, ग्रीस २ किलो, ताडपत्री एक. मदत म्हणून पैशांऐवजी हे पहिल्या सकाळी पोहोचवलं तर जास्त कामाला येतं. त्या दिवशी जवळच्या दुकानांत हेच संपलेलं असतं.

शिलाई_युनिट

शिलाई मशीनची डोकी टेबलावर असतात, अडीच फुटांत ती बहुतेक कोरडी राहतात. बुडतात त्या खालच्या मोटारी, पॅडलचे कंट्रोल बॉक्स आणि तयार मालाचे गठ्ठे. सर्व्हो मोटारीचा कंट्रोल बॉक्स काकांच्या पद्धतीने पेटीत वाळवू नका, त्यात इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं, ते दुरुस्तीवाल्याकडेच द्या. कापड त्याच दिवशी धुवा. गडद आणि फिकं वेगळं, कारण ओला गठ्ठा रात्रभर राहिला की रंग एकमेकांत उतरतो. दुसऱ्याचा माल जॉबवर्कला आलेला असेल तर मालकाला आधी कळवा. तो माल तुमच्या पॉलिसीत "विश्वासाने ठेवलेला माल" म्हणून धरलाय का ते तपासा. नसेल तर त्याचा दावा मालकाच्या विम्यातून होईल.

हिशेबनीस

वह्या आणि संगणक, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

ओल्या वह्यांची पानं उलगडू नका, फाटतात. बाहेरून चिखल धुऊन, पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. बुरशी दोन दिवसांत धरते, फ्रीझरमध्ये ती थांबते आणि सवड मिळाल्यावर एकेक वही काढून पानांमध्ये टिपकागद घालत सावलीत, पंख्याखाली वाळवता येते. बुडालेला संगणक चालू करायचा नाही. हार्ड डिस्क वाळवायचीही नाही: ओलीच पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. आत गाळ सुकला की काम अवघड होतं.

वही गेली तरी हिशेब जात नाही. जीएसटी पोर्टलवरून २बी (खरेदीचं विवरण) उतरवा, त्यात नोंदणीकृत पुरवठादारांकडची खरेदी बिलनिहाय मिळते. विक्री जीएसटीआर-१ मधून, जोडीला ई-वे बिलं आणि बँकेचा उतारा. मोठ्या पुरवठादारांकडून खातेउतारा मागवा.

यातून पुराच्या दिवशीचा साठा काढायचा. समजा १ एप्रिलचा साठा ६,४०,०००, तेव्हापासून खरेदी १८,१०,०००, विक्री २१,००,००० आणि मागच्या ताळेबंदाप्रमाणे ढोबळ नफा १८ टक्के. विकलेल्या मालाची किंमत १७,२२,०००. म्हणजे गाळ्यात ७,२८,००० चा माल असायला हवा. सर्व्हेयर साधारण याच वाटेने जातो. म्हणून त्याच्या आधी तुम्ही हा कागद तयार ठेवा आणि सर्व आकडे जीएसटी वगळून धरा.

इथे एक गाठ हमखास बसते. कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावरचं बँक कर्ज) असेल तर बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट गेलेलं असतं. मर्यादा टिकवायला त्यात साठा फुगवलेला असेल, तर वहीत सात लाख, बँकेकडे अकरा लाख आणि दावा भलताच, असे तीन आकडे समोर येतात. दावा सर्वांत जास्त अडकतो तो इथे. फरक असेल तर लपवू नका, सीएकडून लेखी ताळमेळ करून द्या.

दावा_दप्तर

हिशेबनीस यांनी नेमकं लिहिलंय. पॉलिसीबद्दल पुढे.

१ एप्रिल २०२१ पासून ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेच्या धंद्यांसाठी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" ही ठरावीक पॉलिसी आहे. पूर आणि पाणी साचणं मूळ पॉलिसीतच धरलंय. बँकेने कर्जासोबत विमा काढला असेल आणि मालकाला त्याची कल्पनाच नसेल, असं पुष्कळदा होतं. म्हणून "विमा नाही" असं सांगणाऱ्याच्या बँक उताऱ्यात प्रीमियमची नोंद शोधा. मदत करणाऱ्याने करण्यासारखं हे फार मोलाचं काम आहे.

विमा कमी रकमेचा असेल तर कपात होते. माल १० लाखांचा, विमा ६ लाखांचा, नुकसान ४ लाखांचं, तर हिशेब ६० टक्क्यांनी, म्हणजे २,४०,०००. या पॉलिसीत तूट १५ टक्क्यांपर्यंत असेल तर ती माफ आहे, त्यापुढे पूर्ण प्रमाणात कपात. मालाची भरपाई खरेदी किमतीने होते, विक्री किमतीने नाही. यंत्राची कोणत्या आधारावर, हे पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये बघा. गाळ काढण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळते, पण मागितली तर. मजुरीची कच्ची व्हाउचरं सहीसकट ठेवा.

भंगाराची किंमत दाव्यातून वजा होते. ती अंदाजाने ठरू देऊ नका, तीन भंगारवाल्यांचे लेखी भाव घ्या. माल बँकेला तारण असेल तर दाव्याची रक्कम बँकेत जाते. ती कर्जखात्यात वळती होणार की खेळतं भांडवल म्हणून वापरता येणार, हे शाखाधिकाऱ्यांशी आधीच लेखी बोलून घ्या.

निकाल पटला नाही तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, एका वर्षाच्या आत. एकल मालकीचे आणि सूक्ष्म उद्योग तिथे जाऊ शकतात, फी नाही, वकील लागत नाही.

हिशेबनीस

जीएसटीची एक बाजू राहिली. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत करावं लागतं, कलम १७(५)(एच). दावा करताना माल करविरहित किमतीने धरला आणि नंतर क्रेडिट उलटवलं, तर तो कर खिशातून जातो. म्हणून उलटवलेल्या क्रेडिटची रक्कम दाव्यात वेगळी ओळ करून मागा आणि ३बी या जीएसटी विवरणपत्राची प्रत जोडा. खराब झालेला माल कमी भावात कर लावून विकला तर तो "नष्ट" नाही, तिथे क्रेडिट उलटवायची गरज नाही.

माल किंवा काम तात्पुरतं दुसऱ्या गाळ्यात हलवलं तर डिलिव्हरी चलन करा. राज्यांतर्गत माल १ लाखाच्या वर असेल तर ई-वे बिल. तिथे साठा ठेवणार असाल तर ती जागा १५ दिवसांच्या आत नोंदणीत घाला आणि विमा कंपनीला पत्ता कळवा.

नौपाडा_पूर्व

सरकारी मदतीचं काय? पंचनाम्याला कोण येतं?

दावा_दप्तर

महसूल खात्याचे कर्मचारी, शहरात पालिकेचेही. मदत प्रत्येक वेळच्या शासन निर्णयावर अवलंबून असते. २०२१ च्या जुलैच्या पुरानंतर दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, कमाल ५०,००० आणि टपरीधारकांना कमाल १०,००० असं ठरलं होतं. पंचनाम्यात "दुकानाचे नुकसान" एवढंच लिहून देऊ नका. पाण्याची उंची, यंत्रांची नावं आणि मालाचं वजन लिहायला सांगा, आणि प्रत मागा. दुकाने अधिनियमाची पावती, उद्यम नोंदणी, भाडेकरार आणि वीजबिल यांच्या प्रती प्लास्टिकच्या पाकिटात तयार ठेवा. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नका.

हिशेबनीस

आणि नवं कर्ज काढण्याआधी येणी गोळा करा. उत्पादन किंवा सेवा देणारा सूक्ष्म-लघु उद्योग उद्यममध्ये नोंदलेला असेल तर खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, मासिक चक्रवाढीने. लेथवाल्याला हे लागू आहे, किराणा दुकानासारख्या व्यापाऱ्याला नाही. स्वयंसेवकांपैकी एकाने बसून थकलेल्या बिलांची यादी करावी आणि मालकाच्या नावाने विनंतीपत्रं लिहावीत. भांडायचं नाही, पुराचा फोटो जोडून मागायचं. बरेच जण देतात.

खाडीकाठ

सगळे आतलं बघताहेत म्हणून दोन गोष्टी जागेच्या.

भिंतीतली ओल पाण्याच्या रेषेच्या फूटभर वर चढलेली असते. घाईने रंग लावला तर दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात. सुटलेला गिलावा तेवढा खरवडून ठेवा, रंग पावसाळ्यानंतर. आपल्या पावसाळी हवेत नुसत्या पंख्याने फार वाळत नाही. भाड्याने डीह्युमिडिफायर मिळाला तर शटर आणि खिडक्या बंद करून लावा, उघड्यावर तो बाहेरचीच हवा वाळवत बसतो.

दुसरं, नवा माल भरण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात साडेचार मीटरच्या वरची भरती असेल आणि त्या तासांत जोराचा पाऊस आला, तर नाले खाडीत रिकामे होऊ शकत नाहीत. नवी मुंबईत भरतीच्या वेळी पाणी थोपवायला सिडकोने धारण तलाव ठेवलेत, पण ते गाळाने भरले की त्यांची साठवण कमी होते. पुढचं उधाण जाईपर्यंत जमिनीलगत माल नको, खालची फळी तीन फुटांवर. पाणी नेहमी दारातूनच येतं असंही नाही. न्हाणी ट्रॅप आणि संडासातून ते उलटं चढतं. सांडपाण्याच्या पाइपावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. तोवर ट्रॅपमध्ये कापडाचा बोळा आणि वर वाळूची पिशवी.

गाळा_संघ

गिरणीचे दगड राहिले. मोटार झाली, पट्टा नवा टाकला, की सुरू करायची ना?

तेलपाणी

थांबा. एमरीचे दगड बहुतेक मॅग्नेसाइटच्या मसाल्यात बांधलेले असतात आणि तो मसाला पाण्यात राहिला की कमजोर होतो. असा दगड पूर्ण वेगात फुटला तर पत्रा फाडून बाहेर येतो. दोन्ही दगड काढा, गोड्या पाण्याने झटपट धुऊन सावलीत आठवडाभर वाळवा, उन्हात किंवा हॅलोजनपुढे नाही. मग टांगून लाकडी हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला, कडेचे दाणे नखाने सुटले, किंवा बारीक तडा दिसला तर दगड बदला. बसवल्यावर टाकी लावून (दगडाच्या खाचा छिन्नीने पुन्हा पाडून) घ्या, कारण गाळाने खाचा भरलेल्या असतात.

शाफ्टची बेअरिंग उघडून नवं ग्रीस भरा. पहिल्यांदा दगड लांब ठेवून रिकामी दहा मिनिटं चालवा, समोर कोणी उभं राहायचं नाही. मग पाच किलो जाडंभरडं धान्य दळून ते फेकून द्या, जनावरांनाही घालू नका. दुसरा घाणाही पाच किलोचा. पीठ चिमटीत घेऊन दाताखाली धरा, कचकच लागली तर पुन्हा दळा.

किराणा_घाऊक

गिरणीत आणि किराण्यात इलेक्ट्रॉनिक काटा बुडाला असेल तर दुरुस्तीनंतर तो वैधमापन निरीक्षकाकडून पुन्हा मुद्रांकित करून घ्यावा लागतो. दुरुस्ती परवानाधारकाकडूनच करा, तो मुद्रांकनाचीही व्यवस्था करतो. तोवर शेजारच्या दुकानाचा मुद्रांकित काटा वापरा.